घरीं सुखरूप पोंचलेला अपराधी

शेवट गोड झाला म्हणजे सारेंच गोड, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कथाकीर्तनांत ती शोभते. परंतु नीतिविचारांत तिला कितपत थारा द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. दोन माणसें एकाच मेजवानींत सारखेंच मद्य घेतात, सारख्याच धुंदींत आपापली मोटार काढतात आणि सारख्याच वेगानें घराकडे निघतात. एकाच्या वाटेंत कोणी आडवें येत नाहीं. तो घरीं जाऊन झोंपतो व सकाळीं उठून चहा पितो. दुसऱ्याच्या वाटेंत एक मूल रस्ता ओलांडीत असतें. या दोघांपैकीं अधिक पापी कोण? दुसरा, असें आपलें मन तत्काळ सांगतें. आणि कां म्हणून विचारलें, तर तें घोटाळ्यांत पडतें. कारण त्या मुलाला त्या क्षणीं रस्त्यावर आणलें, तें कांहीं त्या मनुष्यानें नव्हे.

हा प्रश्न कल्पनेंतून काढून कायद्याच्या कसोटीवर लावावयाचा, तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाचें उदाहरण घ्यावें. तेथें १९९० पासून शंभर मिलिलिटर रक्तांत ०.०८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळला, कीं मोटार सरळ चालली होती कीं झोके खात होती हें न पाहतां अपराध सिद्ध होतो. पहिलाच अपराध असेल व कोणास इजा झाली नसेल, तर फार तर सहा महिने कैद आणि १,००० डॉलर मूळ दंड. शिवाय परवाना कांहीं काळ हातचा जातो व मद्यपानाविषयींच्या शिकवणीच्या वर्गांत बसावें लागतें. परंतु अक्षम्य बेपर्वाईनें एखाद्याचा प्राण गेला, तर चार, सहा किंवा दहा वर्षें तुरुंग; आणि खुनाचा आरोप शाबीत झाला, तर पंधरा वर्षांपासून आजन्म कारावास. पेला तोच, धुंदी तीच. शिक्षेंत मात्र एवढें अंतर!

मारण्याचा हेतु नसतांना खून कसा, असें वाचक विचारील. याचें उत्तर वॉटसन खटल्यांत सांपडतें. १९७९ च्या जानेवारींत हा गृहस्थ मद्य घेऊन भरधाव निघाला. एका चौकांत तांबडा दिवा न जुमानतां तो पुढें घुसला आणि दुसऱ्या गाडीवर आदळतां आदळतां, करकचून थांबल्यामुळें, थोडक्यांत वांचला. तेथून तो पुन्हां वेगानें निघाला, आणि पुढच्या एका चौकांत त्याच्या मोटारीनें दोन जीव घेतले. त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. खालच्या न्यायालयानें खुनाचा आरोप काढून टाकला होता. १९८१ सालीं त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो चालविण्यास पुरेसा आधार आहे असें ठरविलें. आपलें कृत्य दुसऱ्याच्या जिवावर बेतणारें आहे हें उमगत असून जो तें बेफिकीरपणें करतो, त्याच्या ठिकाणीं दुष्टबुद्धि गृहीत धरतां येते, असा त्या निकालाचा आशय आहे.

या हकीकतींतील पहिला चौक आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. तेथूनच हा मनुष्य भानावर येऊन घरीं गेला असता, तर त्याचें नांव जगाला कळलें नसतें. परंतु पहिल्या चौकांतील मनुष्य आणि दुसऱ्या चौकांतील मनुष्य यांच्या अंतःकरणांत असा काय फरक होता?

नशेंत त्यास शुद्ध नव्हती, ही सबब फार जुनी आहे, आणि तिचें खंडनही तितकेंच जुनें. प्राचीन ग्रीसमधील मिटिलिनी नगराचा शास्ता पिट्टाकस यानें मद्यपी अपराध्यास शुद्धीवरच्या अपराध्याहून अधिक शिक्षा ठरविली होती, असें ॲरिस्टॉटल सांगतो. शुद्ध हरपणें हें ज्याच्या हातीं होतें, त्याला ती हरपल्याची सबब सांगतां येत नाहीं. वॉटसन खटल्यांतही न्यायालयानें हेंच लक्षांत घेतलें, कीं तो मद्यगृहाकडे स्वतः मोटार घेऊन गेला होता. परततांना आपणच ती चालविणार हें त्यास पहिल्या घोटापूर्वीं ठाऊक असलेंच पाहिजे. खरा निर्णय धुंदींत होत नाहीं. तो त्यापूर्वींच, शुद्धींत, झालेला असतो.

मग कांटच्या मतानुसार केवळ संकल्पच तोलावयाचा, तर दोघेही सारखेच दोषी ठरतात. थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञानें मद्यपी मोटारचालकाचेंच उदाहरण घेऊन दाखविलें आहे, कीं आपल्या नैतिक निवाड्यांत दैवाचा वांटा आपण मानतों त्याहून फार मोठा असतो. परंतु म्हणून सुखरूप पोंचलेल्या प्रत्येकास खुन्याची शिक्षा द्यावयाची काय? तसें राज्य कोणासही सहन होणार नाहीं. उलट, दोघांनाही दंड करून सोडावें, तर ज्या आईचें मूल गेलें तिच्यापुढें न्यायासनास तोंड दाखवितां येणार नाहीं. १९८० सालीं कॅलिफोर्नियांतच कँडी लाइटनर या बाईनें मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभारली, ती आपली तेरा वर्षांची मुलगी अशाच एका मोटारीखालीं गमावल्यावर. गेलेला जीव म्हणजे नुसता योगायोग, असें तिला कोणत्या तोंडानें सांगावें?

आमच्या मतें कायदा झालेल्या हानीचा हिशेब ठेवतो. आत्म्याचा हिशेब त्याच्या कक्षेंत येत नाहीं. मात्र तो अगदींच आंधळाही नाहीं. कोणास धक्काही लागला नसतांना तो ०.०८ ला अपराध म्हणतो. युटा संस्थानानें तर २०१८ च्या अखेरीपासून ही मर्यादा ०.०५ वर आणली. कॅलिफोर्नियांत दोषी ठरलेल्यास न्यायालय बजावतें, कीं पुन्हां असें करून कोणी मेलें तर तुझ्यावर खुनाचा आरोप येऊं शकेल. पण ही ताकीद एकदां सांपडलेल्यासच मिळते. जो कधींच सांपडला नाहीं, त्यानें ती आपली आपणच वाचली पाहिजे.

हें लिहिण्यास कारण आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्याच प्रांतीं भाच्याकडे राहिलों होतों. एका मराठी घरच्या मेजवानीहून परततांना तो म्हणाला, “मामा, दोनच पेले घेतलेत, रस्ता पायाखालचा आहे.” पेले दोन नव्हते, हें आम्हीं पाहिलें होतें. परक्या घरीं वडीलकी कशाला गाजवावी, म्हणून आम्ही मुकाट्यानें शेजारीं बसलों. वाटेंत कांहींच झालें नाहीं. घरीं पोंचल्यावर त्यानें हंसून किल्ली खुंटीला लावली आणि आम्हीही हंसलों.

त्या रात्रीं त्या गाडींत शुद्धीवर एकच मनुष्य होता. त्याच्यासाठीं कायद्यांत कलम नाहीं; म्हणून हा जबाब येथें लिहून ठेवला आहे.