चौदाव्या फेरीचे ओझे

काही ओझी पापाची नसतात, म्हणून ती पापनिवेदनात उतरत नाहीत. ती गुन्ह्याचीही नसतात, म्हणून न्यायालयात त्यांचा निकाल लागत नाही. माणूस ती मुकाट्याने वाहत राहतो. रे मॅन्सिनी या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची जीवनकहाणी वाचताना अशाच एका ओझ्याच्या विचाराने आम्हांला अस्वस्थ केले. खेळाच्या नियमांनी त्याला विजयी ठरवले होते आणि कायद्याने त्याच्यावर कोणताही ठपका ठेवला नव्हता. तरीही एका संध्याकाळची सावली त्याच्या आयुष्यावर कायमची पडली. ही सावली एकट्या त्याचीच होती काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

रे हा ओहायो राज्यातील यंगस्टाउन शहराचा, इटालियन वंशाच्या कॅथलिक कुटुंबातील मुलगा. त्याचे वडील लेनी मॅन्सिनी हेही आपल्या काळातील नामवंत लाइटवेट मुष्टियोद्धे होते. विश्वविजेतेपदाची संधी दृष्टिपथात आली असतानाच दुसरे महायुद्ध आडवे आले. १९४४ साली फ्रान्सच्या रणभूमीवर ते जबर जखमी झाले आणि ती संधी पुन्हा आली नाही. वडिलांचा राहून गेलेला किताब आपण घरी आणायचा, हा निश्चय मुलाने लहानपणीच केला.

लाइटवेट म्हणजे १३५ पौंडांपर्यंतचा, सुमारे ६१ किलो वजनाचा गट. ऑक्टोबर १९८१ मध्ये निकाराग्वाच्या अलेक्सिस अर्ग्वेयोने रेला चौदाव्या फेरीत हरवले. पण पुढच्याच वर्षी, ८ मे १९८२ रोजी, आर्तुरो फ्रियासला पहिल्याच फेरीत नमवून त्याने जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे विजेतेपद मिळवले. यंगस्टाउनचे पोलादाचे कारखाने १९७७ पासून बंद पडू लागले होते आणि हजारो कामगार बेकार झाले होते. अशा खचलेल्या गावाला या एकवीस वर्षांच्या मुलाच्या विजयात आपला हरवलेला स्वाभिमान दिसला. आईवडिलांचा मान राख, ही परमेश्वराची चौथी आज्ञा. ती याहून अधिक मनोभावे कोण पाळील? पण चौथ्या आज्ञेनंतर लगेच पाचवी येते, आणि ती आहे मनुष्यहत्येच्या मनाईची.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये उघड्या आकाशाखाली मॅन्सिनीची लढत दक्षिण कोरियाच्या किम दुक-कू याच्याशी झाली. किमही गरिबीतून वर आलेला होता. मायदेशी त्याची वाग्दत्त वधू गरोदर होती. वजनाच्या मर्यादेत बसण्यासाठी त्याने शरीराला अतोनात कष्ट दिले होते, आणि हॉटेलच्या खोलीतील दिव्याच्या आवरणावर जगणे किंवा मरणे अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवले होते. लढत दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसत होती. तेरा फेऱ्यांपर्यंत दोघेही मागे हटले नाहीत. मॅन्सिनीचा एक डोळा सुजून मिटला होता आणि हात सुजला होता. चौदाव्या फेरीच्या आरंभीच त्याच्या ठोशाने किम कोसळला, दोरांचा आधार घेऊन कसाबसा उठला, आणि पंच रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात किमची शुद्ध हरपली. मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया झाली. पण काही दिवसांतच त्याचे निधन झाले. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याच्या शोकाकुल आईने आपले जीवन संपवले. १९८३ च्या जुलैत पंच ग्रीन यांनीही तसेच केले. या मृत्यूंचा हिशेब कुणा एकाच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल. पण दुःखाचा पसारा किती लांबवर गेला, हे त्यावरून कळते.

मॅन्सिनी दोषी होता काय? ख्रिस्तसभेची शिकवण सांगते की कृतीचे नैतिक मोल ठरवताना ती कृती कोणती, ती करणाऱ्याचा हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. त्याला विजय हवा होता, मृत्यू नको होता. समोरचाही स्वेच्छेने उतरलेला, तितकाच निर्धाराने ठोसे मारणारा होता. गंभीर पापासाठी लागणारे ज्ञान आणि पूर्ण संमती येथे नव्हती. एखाद्या धर्मगुरूने त्याला हेच सांगितले असते आणि ते खरेही ठरले असते.

पण हेतूपाशी थांबून चालत नाही, कृतीकडेही पाहावे लागते. फुटबॉलमध्ये खेळाडू डोक्यावर आपटून दगावला, तर तो अपघात. खेळाचा हेतू गोल करण्याचा असतो. मुष्टियुद्धात मात्र प्रतिस्पर्ध्याला ठोशाने खाली पाडून उठू न देणे हाच सर्वांत देखणा विजय मानला जातो, आणि तो बहुधा मेंदूला धक्का बसल्यानेच मिळतो. इजा येथे खेळाच्या वाटेवर चुकून भेटत नाही, तिच्याकडेच वाट जाते. म्हणूनच १९८३ च्या जानेवारीत अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाने संपादकीय लिहून सुसंस्कृत देशांत या खेळावर बंदी घालण्याची मागणी केली. २००५ च्या सप्टेंबरात लेव्हँडर जॉन्सन हा दुसरा लाइटवेट विजेता लास व्हेगासमधील लढतीनंतर दगावला. पुढच्याच महिन्यात रोममधील येशूसंघीयांच्या ‘ला चिव्हिल्ता कात्तोलिका’ या नियतकालिकाने व्यावसायिक मुष्टियुद्धाचा अतिशय कडक शब्दांत निषेध केला.

दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना आपल्या आध्यात्मिक संयमासाठी मुष्टियोद्ध्याचाच दृष्टान्त घेतला. शिकागोचे बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० मध्ये कॅथलिक युवकांची संघटना उभारली, तेव्हा रस्त्यावर भरकटणाऱ्या मुलांना शिस्त लावण्यासाठी त्यांनी मुष्टियुद्धाच्या स्पर्धाच भरवल्या. गरिबाच्या मुलाला हा खेळ कष्टाची सवय, देहावर ताबा आणि स्वतःविषयी आदर देतो, हे नाकारता येत नाही. मात्र संत पौलाच्या दृष्टान्तातील ठोसे स्वतःच्या देहावर पडतात, भावाच्या देहावर नव्हे. हा भेद विसरून कसे चालेल?

किमच्या मृत्यूनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आणल्या; इतर प्रमुख संघटनांनी काही वर्षांनी तिचे अनुकरण केले. ही सुधारणा मोलाची होती. पण तिच्यातच एक मूक कबुलीही आहे. तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या फेरीची गरज खेळाडूंना नव्हती. मग ती कुणासाठी होती?

येथे संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात सांगितलेली त्यांच्या मित्राची गोष्ट आठवते. अलिपियस नावाच्या या तरुणाला रोमच्या रक्तरंजित खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. एवढ्यात गर्दीतून प्रचंड आरोळी उठली. कुतूहल अनावर होऊन त्याने डोळे उघडले, आणि तो त्या गर्दीतलाच एक झाला. पुढे तर तो स्वतःच इतरांना तेथे ओढून नेऊ लागला. तलवार त्याच्या हाती नव्हती, रक्ताचा थेंबही त्याच्या अंगावर उडाला नव्हता. तरीही जखम त्याच्या आत्म्याला झाली, असे संत ऑगस्टिन यांचे निदान आहे. हाच अलिपियस पुढे पश्चात्ताप करून बिशप झाला, हे आपल्या आशेसाठी लक्षात ठेवावे.

आम्हांला वाटते, या कहाणीचा गाभा येथे आहे. ठोसा मारणारा हात एक असतो. पण त्या हाताला तिकिटांचा पैसा, जाहिरातींचा पैसा आणि हजारो कंठांतील आरोळ्या बळ देतात. मृत्यूनंतर हात मारणाऱ्याला ओझे मिळते, पाहणारे मात्र मोकळ्या मनाने घरी जातात. मॅन्सिनीने १९८४ च्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टन ब्रॅम्बलपुढे विजेतेपद गमावले, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडूनच हरला आणि निवृत्त झाला. नंतरची दोन पुनरागमनेही पराभवातच संपली. २०१५ मध्ये त्याला मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय सन्मानदालनात स्थान मिळाले. पण कुठेही गेला तरी किमविषयीचा प्रश्न त्याच्या आधी तेथे पोहोचलेला असे.

आणि मग २०११ साली किमची वाग्दत्त वधू व तिचा मुलगा कॅलिफोर्नियात मॅन्सिनीच्या घरी आले. हा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी जन्मला होता. वडिलांची ती लढत प्रथम पाहिली तेव्हा आपल्या मनात द्वेष आला होता, हे त्याने लपवले नाही. तरीही तुमचा यात दोष नव्हता, असे तो मॅन्सिनीला म्हणाला. डॉक्टर, पत्रकार, हितचिंतक यांनी हेच कितीदा तरी सांगितले असेल. पण ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या तोंडून आल्यावरच त्या शब्दांना मोल आले. प्रभू येशूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला का सांगितले, ते येथे उमगते. ईश्वराची क्षमा माणसाला माणसाकडे पाठवते, त्याच्यापासून सोडवत नाही.

त्या घरात योद्धा होता, पोरका झालेला मुलगा होता आणि त्याची आई होती. आरोळ्या देणारे कुणी तेथे नव्हते; क्षमा मागायला त्यांना कुणी बोलावले नव्हते आणि त्यांनाही तशी गरज वाटली नसावी. प्रत्येक मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण आपल्या विचारांतील, शब्दांतील, कृतींतील आणि कर्तव्यच्युतीतील पापांची कबुली देतो. त्या यादीत आपल्या पाहण्याचाही समावेश करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मग तो खेळ असो, रस्त्यावरची मारामारी असो वा चारचौघांत चाललेली एखाद्याची अप्रतिष्ठा. दुसऱ्याच्या वेदनेने आपली करमणूक होऊ लागली, की आपणही त्या दोरांच्या आत उभे असतो.