परसातील मळा व छपरावरील पाऊस
शास्त्रपाठ : यिर्मया 29:4–7



ख्रिस्तपूर्व 597 च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेमेतील पुष्कळ लोकांस धरून परदेशी नेले. त्या बंदिवानांस यिर्मया संदेष्ट्याने एक पत्र धाडले. दुःखितांस लिहिलेल्या पत्रात आपण काय शोधतो? सांत्वनाचे शब्द व सुटकेचे अभिवचन. ती दोन्ही त्या पत्रात आहेत; परंतु त्यांच्या आधी देवाची जी आज्ञा येते ती अगदी घरगुती आहे. त्या लोकांनी घरे बांधून त्यांत नांदावे व मळे लावून त्यांचे उत्पन्न खावे, असे देव त्यांस कळवितो.

ही आज्ञा सर्वांस रुचली नाही. कारण त्याच काळात हनन्या नावाचा एक जण सांगत होता की, दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल. ज्याला दोन वर्षांत परत जावयाचे आहे तो झाड कशाला लावील? यिर्मयाने मात्र सत्तर वर्षांची मुदत सांगितली. सत्तर वर्षे म्हणजे आजोबांनी रोप लावावे आणि नातवंडांनी त्याची फळे खावी, इतका काळ. खोट्या आशेने मनुष्य हातपाय गाळून वाट पाहत बसतो. खरी आशा त्याच्या हाती कुदळ देते.

हनन्याचा आवाज आमच्या अवर्षणाच्या मुलखातही ऐकू येतो. पुढल्या वर्षी पाऊस बरा होईल, टँकर येईल, विंधन विहीर आणखी खोल नेली म्हणजे पाणी लागेल, असे आम्ही एकमेकांस सांगतो. 1972 चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. 2016 च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्या पाण्याने लोकांची तहान भागली, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो; परंतु आगगाडीच्या पाण्यावर कोणाचे परसू हिरवे होत नाही.

येथे आम्हांस एक दोष कबूल केला पाहिजे. मृगाच्या आधी आम्ही पावसासाठी गुडघे टेकतो; आणि देवाने पाऊस धाडला म्हणजे त्याच प्रार्थनामंदिराच्या पत्र्यावरून तो धो धो वाहून ओढ्याला मिळताना दारात उभे राहून पाहतो. मागितलेले दान अंगणात आले असता त्याच्याखाली भांडे न धरणे, ही कोणती प्रार्थना?

थोडा हिशेब करून पाहा. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा छपरावर वर्षाकाठी 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे 14,000 लिटर भरते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी 11,000 लिटर उरते. पाच माणसांच्या घरास पिण्यास व स्वयंपाकास रोज 25 लिटर लागले, तर ते वर्षभर पुरून उरेल. एवढे सगळे साठविण्याजोगी टाकी गरिबाजवळ नसते, हे आम्ही जाणतो. तथापि पत्र्याच्या कडेस पन्हळ लावून दोन पिंपे तरी भरता येतात. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे, तोंडाला फडके बांधावे, झाकण घट्ट ठेवावे, आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पिंपे भरल्यावर वाहणारे पाणी आडाजवळच्या खड्ड्यात जिरवावे. इसहाकाला आपल्या बापाच्या विहिरी पुन्हा उकराव्या लागल्या, कारण पलिष्ट्यांनी त्या मातीने बुजविल्या होत्या. आमचे आड पलिष्ट्यांनी बुजविले नाहीत. नळ आला, विंधन विहीर झाली, आणि आम्हीच त्यांत केरकचरा टाकू लागलो.

आता परसाविषयी. फार जागा लागत नाही. न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे केळ व अळू लावावे. कुंपणाशी शेवग्याची फांदी रोवावी; तिला पहिले वर्ष पाणी घातले की पुढे ती थोड्या पाण्यावर तग धरते, आणि तिचा पाला लेकुरवाळ्या बायांस व मुलांस उत्तम पोषण देतो. वेलाच्या आळ्यात कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवावे. ते पाझरत राहते व मुळाशी ओल धरते. पालापाचोळा जाळू नये. तो आळ्यात पसरावा, अथवा शेणाबरोबर खड्ड्यात कुजवावा. जो पाला आपण जाळतो तो परसाची भाकर जाळतो.

बियाणेही घरचे असावे. वेलावरील पहिली उत्तम फळे चुलीकडे न नेता बियांसाठी राखावी, बी उन्हात वाळवून राखेत घोळवावे व कोरड्या मडक्यात ठेवावे. संकरित बियाणे पुन्हा तसेच उगवत नाही; गावरान बी मात्र पिढ्यान् पिढ्या चालते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी शाळेत पाऊल न ठेवता गावरान बियाण्यांची पेढी उभी केली, आणि 2020 साली त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली. विद्या नाही म्हणून आपल्याकडून काही होणार नाही, असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

मळ्याच्या आधी घर, असा त्या पत्रातील क्रम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छपरास कठडा करावा, नाहीतर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे मोशेचे नियमशास्त्र बजावते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचे जड धाबे निजलेल्या माणसांवर कोसळले आणि हजारो जीव गेले. म्हणून धाब्यावर दरसाल मातीचा थर चढवू नये; छप्पर हलके करावे; भिंतीच्या दोन्ही अंगांस बांधील असा लांब दगड थराथरांत घालावा. हेही धर्माचरणच आहे.

पण आमच्यातील कित्येक जण म्हणतील, ‘दिवाळी सरली की आम्हांस कोयता घेऊन ऊसतोडीस जावे लागते, उन्हाळ्यात परत येतो तो सर्व वाळलेले. आमचे परसू कसे राहावे?’ बंधूंनो, बाबेलच्या बंदिवानांचे दुःख आज खरोखर कोणास ठाऊक असेल तर ते तुम्हांस. तुमच्या या प्रश्नाचे उत्तर तुम्ही एकट्याने द्यावयाचे नाही. ते मंडळीने द्यावयाचे आहे. म्हाताऱ्या आईबापांजवळ ज्यांची लेकरे मागे राहतात, त्यांच्या दारचा शेवगा व लिंबू जगविणे हे शेजाऱ्याचे काम आहे. उपदेशक बंधूंनो, उपासनेनंतर अशा घरांची नावे वाचा, आणि कोणत्या घरी कोणी घागर न्यावयाची ते तेथेच ठरवा. प्रवासाला गेलेल्यासाठी प्रार्थना करून त्याचे झाड वाळू देणे बरे नव्हे.

शेवटी त्या पत्रातील आणखी एक आज्ञा विसरू नये. बंदिवानांनी परक्या नगराचेही कल्याण साधावे, कारण त्याच्या कल्याणात त्यांचे कल्याण होते. म्हणून आपल्या मडक्यातील बी मंडळीपुरते राखू नका. ज्याने मागितले त्याला मूठभर द्या, मग तो कोणत्याही आळीचा असो. दुसऱ्याच्या परसात उगवलेले बी हीच आपल्या बियाण्याची खरी राखण होय. आपले वाळले तर तेथून परत मिळेल.

ज्या प्रभूने आदामाला प्रथम एका बागेची मशागत व राखण करावयास ठेवले, तो आम्हां सर्वांस आपापल्या दारचा तुकडा विश्वासूपणे राखावयास साहाय्य करो. येत्या पावसाची पहिली सर पडण्यापूर्वी आमची पन्हळ लागलेली असो. आमेन.