प्रेमफुलाची कुंडी

अगापांथस या फुलझाडाचे नाव ‘अगापे’ म्हणजे प्रेम आणि ‘आंथोस’ म्हणजे फूल या ग्रीक शब्दांवरून आले. ख्रिस्ती विचारात अगापे म्हणजे समोरच्याची योग्यता न पाहता केलेले, परतफेड न मागणारे प्रेम. स्वीडिश धर्मचिंतक आंदेर्स निग्रेन यांनी १९३० साली त्याची इरॉसपासून, म्हणजे हवेपणापासून, काटेकोर फारकत केली.

दक्षिण आफ्रिकेतून आलेले हे झाड मात्र कुंडीत लावले जाते ते निळ्या फुलांच्या हव्यासापोटीच. पाने पिवळी पडली की धास्तीने पाणी वाढवले जाते आणि थंडीत त्यानेच मांसल मुळे कुजतात. ही धास्ती झाडासाठी की हुकणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हे सांगणे अवघडच. झाडाची गरज साधी असते: भरपूर ऊन, निचऱ्याची माती, वाढीच्या दिवसांत खत-पाणी आणि मुळांनी कुंडी गच्च भरली की विभागणी. निग्रेन यांची फारकत इथे पुरती टिकत नाही. फुलाची ओढ नसती तर कुंडीकडे कोणी पाहिलेही नसते. तरी विभागणीनंतर पुष्कळदा एखादे वर्ष फुलाविना जाते, आणि त्या वर्षीही पाणी घालावेच लागते.