ज्या घरी यंदा आकाशकंदील नाही

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यावर वादळ सुटलं आणि कुगावहून कळाशीला निघालेली बोट उलटली. कुगाव आमच्या करमाळा तालुक्यातलं, कळाशी पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. गेलेल्यांत एकाच घरातले नवरा-बायको होते आणि त्यांची दोन लहान लेकरं होती. एनडीआरएफचे जवान पाण्यात शोध घेत होते आणि अख्खा तालुका काठाकडे डोळे लावून बसला होता.

त्या दिवसांत आमच्या जेऊरच्या स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर, बाजारात दुसरा विषय नव्हता. बोलणं मात्र फिरून फिरून दोनच वाक्यांवर येऊन थांबायचं. कुणी म्हणायचं, "त्यांचं तेवढंच होतं. देवाच्या मनात आलं, नेलं." दुसरा कुणी चिडून म्हणायचा, "कसला देव? देव असता तर दीड-दोन वर्षांच्या लेकराला पाण्यात घातलं असतं का?" दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, म्हणून दोघांपैकी कुणालाही मी वाईट म्हणणार नाही. पण या दोन्ही वाक्यांना फार घाई झालेली असते. ज्याचं माणूस गेलं त्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो.

मी देव मानतो. तो चांगला आहे असंही मानतो. आणि हे मानणाऱ्या माणसाने सगळ्यांत आधी एक गोष्ट सोडून द्यावी असं मला वाटतं. मृत्यू कसा योग्यच होता, हे देवाच्या वतीने सांगत बसणं सोडावं. देवाला वकील लागत नाही. पाण्यात लेकरू गेलं ते चांगल्यासाठी गेलं, असं म्हणणाऱ्याने देवाचा मान वाढवलेला नसतो. त्याने फक्त त्या लेकराच्या आजीचं रडणं थांबवलेलं असतं, आणि तेही चार दिवसांपुरतं.

उजनीच्या काठावर राहणाऱ्याला तर असं सोपं बोलणं शोभतच नाही. १९६६ साली भीमेवर या धरणाचं काम सुरू झालं आणि १९८० मध्ये ते पूर्ण झालं. त्यासाठी गावंच्या गावं उठली. घरं, मळे, देवळं, वाडवडिलांच्या समाध्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि म्हातारी माणसं लांबून हात जोडतात. याच पाण्याने आमच्याकडे ऊस आणला, केळी आणली, भोयांच्या जाळ्यात चिलापी आणली. पोरांची शिक्षणं आणि लेकींची लग्नं या पाण्यावर झाली. त्याच पाण्याने काठावरच्या गावांमधले रस्ते तोडले, म्हणून माणसं बोटीत बसू लागली. वादळ कुणाच्या हातात नसतं. बोटीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असणं, काळा ढग दिसला की बोट काठाला बांधून ठेवणं आणि पूल वेळेत उभा राहणं हे मात्र माणसांच्या हातात असतं. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालेला आहे. जे काम आपलं होतं त्याची पावती देवाच्या नावावर फाडू नये.

देवाची वकिली न करताही त्याला आपलं मानता येतं, हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका घराने फार पूर्वी ओळखलं होतं. चोखोबांचं घर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. त्या घरात एकटे चोखोबाच अभंग रचत नव्हते. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सगळे विठ्ठलाशी बोलत होते. त्यातला कर्ममेळा तर सरळ भांडतो. आम्हाला असं जगणं का दिलंस, हा जाब तो देवाकडे मागतो आणि उत्तर मिळेपर्यंत मागेच लागतो. वारकऱ्यांनी हे भांडण दडवून ठेवलं नाही, संतवाणीत मानाने सांभाळलं. विश्वास म्हणजे गप्प बसणं असं मानणारी ती माणसं नव्हती. ज्याच्याशी भांडता येतं तोच आपला असतो, एवढी जवळीक त्या घराची देवाशी होती.

आणि देवाने काय केलं? ज्यांनी त्याला इतकं आपलं मानलं त्यांना त्याच्या देवळात पाऊल टाकायला माणसांनी बंदी केली. चोखोबांची समाधी दाराबाहेरच राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, तेव्हा ते दार सगळ्यांसाठी उघडलं. मधे सहाशे वर्षं गेली. विठ्ठल निर्दय होता म्हणून ही सहाशे वर्षं गेली असं मला वाटत नाही. किल्ली माणसांकडे होती.

जेऊरहून पुण्याकडे जाणारी गाडी दौंड ओलांडून पुढे गेली की केडगाव लागतं. याच रेल्वेमार्गावर पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. देव चांगला आहे की नाही, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्या वणवणीतच वडील, आई, मोठी बहीण एकामागोमाग गेले. भावाबरोबर त्या कोलकात्याला पोचल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा नेला. वय तेवीस, मांडीवर लेक मनोरमा, आणि रक्ताचं म्हणावं असं जवळ दुसरं कुणी नाही.

पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं ते आजही पुरतं शमलेलं नाही. मला इथे त्यांचा धर्म कोणता हे तोलायचं नाही, त्यांनी दुःखाचं काय केलं ते पाहायचं आहे. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, विधवा, भुकेने हाडं वर आलेल्या मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी कशी दिसते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ते आरशात पाहिलेलं होतं. मग केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना झाला, शेकडो मुली-बायकांचं घर झालं. रमाबाईंचं जुनं घर मात्र त्यामुळे परत आलं नाही. उलट १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. हिशेब मांडला तर तो जुळत नाही. तरीही या बाईने शेवटपर्यंत देवाला चांगलं म्हटलं. तिच्या तोंडून ते शब्द मी ऐकून घेतो, कारण तिच्या मागे ताटाला बसलेल्या शेकडो मुली मला दिसतात.

असं मोठं काम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण त्याच जातीचं लहान काम आमच्याकडे कुणीही करतं, आणि ते करताना देवाचं नावही घेत नाही. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. माझे वडील गेले त्या दिवशी अंधार पडायच्या आत शेजारच्या काकू डोक्यावर दुरडी घेऊन आल्या. फडक्याखाली ज्वारीच्या भाकरी, अजून ऊन. दुसऱ्या हातात पिठल्याचं पातेलं. मागून भावकीतल्या बायका आल्या. कुणाकडे आमटी, कुणाकडे नुसता ठेचा आणि कांदा. बोलणं काही नाही. काकूंनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि आईच्या तोंडाशी धरला. आईने मान फिरवली. काकू म्हणाल्या, "आक्का, दोन घास घे. लेकरांकडं बघ." आईने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

किती पुस्तकं वाचली, किती कीर्तनं ऐकली, पण आशा नावाची गोष्ट मी त्या एका क्षणाइतक्या जवळून कधी पाहिली नाही. काकूंनी वडील का गेले ते सांगितलं नाही. दुःख लहान करून दाखवलं नाही. आत्मा अमर आहे, असंही त्या म्हणाल्या नाहीत. मागे राहिलेल्यांकडे बोट केलं आणि घास पुढे केला. कुटुंब टिकतं ते या जोरावर.

मात्र खोटं बोलायचं नसेल तर दुसरी बाजूही लिहायला हवी. घास घेऊन येणारे हेच हात नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. नवरा मृत्यूने नेलेला असतो. बाकीचं आपण नेतो. हे आमच्याच करमाळ्याच्या एका माणसाला सहन झालं नाही. महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला हा प्रकार पाहिला. त्यांनी विधवा प्रथांविरुद्ध मोहीम उघडली आणि आपल्या मागे आपल्या पत्नीवर यातलं काही लादू नये, असं प्रतिज्ञापत्र स्वतःच करून दिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. माझ्या लेखी हे प्रतिज्ञापत्र म्हणजे एक प्रार्थनाच आहे. जिवंतपणी स्वतःच्या मरणाकडे पाहायचं आणि त्या दिवशी आपल्या माणसाला दुःखापलीकडे कुणी आणखी काही करू नये याची तजवीज करायची, याहून वेगळं प्रेम मला ठाऊक नाही.

देव चांगला आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्याच्यावर हे वाक्य खरं करण्याची जबाबदारी येऊन पडते. नुसतं म्हणून ते खरं होत नाही. कर्ममेळ्याच्या जाबाला उत्तर द्यायला सहाशे वर्षांनी साने गुरुजींना उपाशी बसावं लागलं, रमाबाईंना मध्य प्रांतात जावं लागलं, काकूंना दुरडी उचलावी लागली. यातलं कुणीच मृत्यूचं कोडं सोडवलं नाही, आणि मलाही ते सुटलेलं नाही. कुगावच्या काठावर उभं राहिलं की आजही माझ्याकडे त्या लेकरांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. देवाला मात्र मी विचारत राहतो, आणि विचारत राहणं हीदेखील त्याची भक्तीच आहे असं मानतो.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी दारात आलेली असेल. तुमच्या आळीत एक तरी घर असं असेल जिथे माणूस गेल्यानंतरची यंदा पहिली दिवाळी आहे, म्हणून आकाशकंदील लागलेला नाही आणि कढई चढलेली नाही. त्या घरी जा. पाडव्यापर्यंत थांबू नका, पहिल्याच दिवशी जा. फराळाचं ताट न्या आणि थोडा वेळ बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्याचं नाव कुणीतरी घ्यावं म्हणून ते घर वाट पाहत असतं. पोरांच्या हातात फुलबाजे द्या. आणि घरात नवरा गमावलेली बाई असेल, तर निघताना तिची इच्छा विचारून, सगळ्यांच्या देखत, तिला हळदीकुंकू लावा.