पहिली पायरी

वारकरी सज्जनहो, चैत्रातल्या सप्ताहाच्या निमित्ताने भंडारा जिल्ह्यातील दिघोरी येथे आमचे जाणे झाले. सारा धानाचा मुलूख. रात्रीचे कीर्तन आटोपून पारावर बसलो असता एक शेतकरी जवळ आले. म्हणाले, "महाराज, गेल्या साली गावात मी एकट्यानं दोरी लावून रोवणी केली. रोवणीच्या बाया कुरकुरल्या, धुऱ्यावर उभे राहून लोक हासले. मंग तुडतुडा आला अन् धान बसलं. तो समद्याच्याच बांध्यांत आला, पण लोक म्हणतेत, तुह्या दोरीनंच खाल्लं. पयल्यानं करणाऱ्याच्या पदरी काय पडते, सांगा."

आम्ही सांगून मोकळे झालो, "कर्म करीत राहा, फळाची आशा धरू नका." ते हात जोडून उगी राहिले. त्या उगेपणाने आमची झोप उडाली. उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगावे, तसे ते उत्तर झाले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नावर बोललो, ते येथे लिहितो.

मळलेल्या वाटेवर ठेच लागली तर लोक दगडाला बोल लावितात. नव्या वाटेवर लागली तर चालणाऱ्याला. पहिल्याचा खरा त्रास हाच. नुकसान सर्वांसारखेच होते, दोष मात्र एकट्याच्या माथी येतो.

माउलींचे काय झाले? शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशास त्यांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. आज घरोघर पारायणे होतात. तेव्हा सांगणारा होता संन्याशाचा पोर म्हणून वाळीत पडलेला मुलगा. पुढे सहा वर्षांत आळंदीस समाधी. ग्रंथात पाठभेद शिरले, ते निवडून शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रत शुद्ध केली. पेरणारा एक, निंदणारा दुसरा, आणि खळ्यावर बसलो आहोत आपण!

कोणी म्हणेल, हे झाले संतांचे. तर आपल्या धानाच्या मुलखातलेच घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान गाव आहे. तेथले दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या वेचल्या, जपल्या, पुढल्या साली वेगळ्या लाविल्या. रानडुकरे शिरू नयेत म्हणून भोवती काटे लाविले. अशी वर्षानुवर्षे निवड करून बारीक दाण्याचे, चवीचे धान त्यांनी उभे केले. ते तळोधीच्या बाजारात आले, तेव्हा त्या काळच्या घड्याळावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. धान दादाजींचे आणि नाव घड्याळाचे! पुढे कृषी विद्यापीठाने तेच बियाणे शुद्ध करून प्रसृत केले. मूळ श्रेय कोणाचे, यावर वाद झाला. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला खरा, पण ३ जून २०१८ रोजी त्यांनी देह ठेवला तो हलाखीतच. त्यांच्या पश्चात धान मात्र बांधोबांधी उभे आहे. दिघोरीच्या पंगतीत आम्हाला वाढलेला भात एचएमटीचाच होता. आम्ही चवीने जेवलो. हे धान प्रथम कोणी निवडले, हे मनातही आले नाही.

मग पहिल्याला मिळाले काय? उत्तर पंढरीच्या महाद्वारात आहे. पंजाबात घुमानपर्यंत नाम पोचविणारे, ज्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्या नामदेवरायांनी जागा मागितली ती पायरीची. आळंदीच्या महाद्वारातही हैबतबाबांची पायरी आहे. सरदारी सोडून माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावणारे ते. दोघेही कळसावर नाहीत, उंबरठ्याशी आहेत. पायरीवर पाय पडतात हे तिचे दुःख, आणि तिच्यावरून माणूस आत जातो हे तिचे सुख. दोन्ही एकाच दगडात आहेत. वेगळी काढता येत नाहीत.

परंतु सज्जनहो, पायरीचा मोठेपणा गाऊन तुडविणाऱ्याने मोकळे होऊ नये. आदल्या रात्री आम्ही तेच केले होते. महाद्वारात आपण वाकून पायरीला हात लावितो, मग आत जातो. तसे गावात जो पहिल्याने काही करील, त्याच्या धुऱ्यावर उभे राहून हसू नका. बांधीत उतरा. त्याचे साधले तर सर्वांचे साधेल. फसले तर तोटा एकट्याच्या घरी जाऊ देऊ नका. वारीत मागे पडलेल्याचे गाठोडे आपण घेतोच ना? पुढे गेलेल्याचेही कधी घ्यावे.

प्रवचन संपले. ते शेतकरी खांबाशी बसले होते. म्हणाले, "मंग औंदा दोनच बांध्या दोरीनं लावतो, महाराज. जास्त हिंमत नाही." बायांच्या बाजूने एक म्हातारी बोलली, "मी येतो रोवणीले."

आमच्या सगळ्या प्रवचनापेक्षा ते एक वाक्य मोठे होते.

राम कृष्ण हरि.