न दिलेले घेणे

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर, 1917-18 च्या सुमारास, बाबासाहेबांनी शेअरविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता, हे पुष्कळ उपासकांस ठाऊक नसेल. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली व व्यवसाय बंद पडला. तेव्हा हा बाजार आपला नव्हे असे म्हणून धम्मबांधवांनी प्रश्न टाळू नये. आज आपली मुले कंपन्यांत हिशेबाच्या जागी बसतात. अशा मुलाला मेहुणा म्हणतो, "आतली बातमी आधी सांग, चार शेअर घेऊन ठेवतो." यात चोरी कोठे आली? विकणारा राजीखुशीने विकतो, घेणारा रोख पैसे मोजतो.

मार्च 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ब्रुक बाँड लिप्टनचे 8 लाख शेअर युनिट ट्रस्टकडून बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतले. ट्रस्टमध्ये लहान माणसांची बचत होती. एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. 1998 मध्ये सेबीने लिव्हरला दोषी धरून भरपाई देण्यास सांगितले. अपिलात तो निर्णय फिरला. बातमी आधीच सर्वत्र पसरली होती, असे ठरले. त्या प्रकरणापुरता विषय तेथे संपला. परंतु 'चढा भाव दिला ना?' हे उत्तर दुसऱ्या शीलाला पुरत नाही. ते शील न दिलेले घेऊ नका म्हणते. ज्याला अंधारात ठेवले त्याने जाणून काय दिले?

कोणी म्हणेल, व्यापारात एकाला दुसऱ्यापेक्षा अधिक कळतेच. खरे आहे. रात्र जागून ताळेबंद वाचणाऱ्याचे ज्ञान त्याच्या कष्टाचे. ताळेबंद सर्वांस खुले असतात. कचेरीतल्या टेबलावरची बातमी मात्र विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. तिच्यावर मेहुण्याचा हक्क नात्याने कसा पोहोचतो? ज्ञान ठरावीक घरांत कोंडले म्हणजे बाहेरच्यांचे काय होते, हे आपल्या आज्यांना विचारा.

"पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी खाल्ले, आता आपली पाळी," असेही ऐकले आहे. हा राग मला समजतो. पण बाजारात 'ते' समोर नसतात. मुलीची फी भरण्यासाठी शेअर मोडणारी एखादी विधवाही पलीकडे असेल.

सेबीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे अशी बातमी नुसती सांगण्यासही मनाई आहे. नाही म्हटले तर मेहुणा रुसेल, बहीण मध्ये पडेल. तिला एवढेच विचारावे: तो शेअर विकणारा कोण, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय?