व्हाया भायखळा

आयुष्यात मी एकदाच लंडनला जाऊन आलो आणि तिथे एकदाच खोटं बोललो. परमुलखात माणूस एकदाच खोटं बोलला तर त्याला संतच म्हणायला हवं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं ते खोटं एका शब्दाचं होतं आणि अजून पचलेलं नाही.

२०१८ साली मुलीने बोलावलं म्हणून आम्ही उभयता निघालो. मुंबई-लंडन डायरेक्ट विमान. या ‘डायरेक्ट’ शब्दाचा आमच्या हिला केवढा आधार! मधे उतरायचं नाही, बॅगा हुडकायच्या नाहीत, भलत्याच गावात राहून जायची भीती नाही. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला निघालं, तेसुद्धा कैरो आणि जिनिव्हा करत गेलं होतं. त्याआधीची मंडळी बॅलार्ड पिअरवर गळ्यात हार घालून बोटीत चढायची. एडन, सुएझ करीत करीत विलायत यायची, तोवर पठ्ठ्याला काटा कुठल्या हातात आणि सुरी कुठल्या, हे पाठ झालेलं असायचं. थंडीसुद्धा हप्त्याहप्त्याने वाढत जायची. आमचं म्हणजे सहारला तोंडात टाकलेली सुपारी हीथ्रोला संपली. देह पोचला, बाकीचा मी ठाण्यातच होतो. मनगटावरचं घड्याळ साडेचार तास मागे घ्यायला मी दोन दिवस नकार दिला, कारण आत्ता दूधवाला येत असेल की नाही हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मुलीने आम्हाला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या दारात सोडलं. तिकीट नाही म्हटल्यावर माझा संस्कृतीबद्दलचा आदर दुणावला. टिपू सुलतानचा तो लाकडी वाघ पाहिला. खाली गोरा साहेब उताणा पडलाय आणि वाघ त्याच्या नरड्यावर बसलाय. पोटात चाव्यांचा बाजा आहे. दांडा फिरवला की वाघ गुरगुरायचा आणि साहेब कण्हायचा. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा इंग्रजांनी उचलून नेला. त्यांच्या जागी मी असतो तर फोडून टाकला असता. त्यांनी जपून ठेवला. हा त्यांचा मोठेपणा की कोडगेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो असणार, कारण गणवेशातले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि ‘कुठून आलात’ म्हणून विचारू लागले.

“बॉम्बे,” मी म्हणालो. (ठाणे म्हटलं तर समजावत बसावं लागलं असतं.)

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. तुमच्याकडेही याच नावाचं म्युझियम होतं की! आणि नाव आमच्या आधीपासूनचं! आम्हाला हे नाव १८९९ मध्ये मिळालं, तुमचं १८७२ मध्ये उघडलं. तुम्ही पाहिलं असेलच?

“येस,” मी म्हणालो.

त्यावर तो माणूस इतका मनापासून हसला की मला बसावंसं वाटलं. म्हणून आम्ही उपाहारगृहात जाऊन बसलो. तिथल्या एका दालनाची सजावट विल्यम मॉरिसची आहे म्हणतात. मी चहाच्या किमतीचे रुपये करण्यात गुंतलो होतो.

“अहो, तुम्ही कधी पाहिलंत ते?” ही म्हणाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही ऑडिटरने असा प्रश्न विचारला नव्हता.

ही नोकरी फोर्टातल्या बँकेत. ठाणे ते व्हीटी. वर्षाचे पावणेतीनशे दिवस धरले तर जाऊन-येऊन अठरा हजारांवर वेळा मी भायखळ्यावरून गेलो, आणि प्रत्येक वेळी रमीच्या डावात होतो. शाळेत असताना सहलीला राणीच्या बागेत गेलो होतो. पण माकडं पाहिली आणि पुरीभाजी खाल्ली. दरवाजाजवळची ती खांबाखांबांची इमारत कसली, हे ना मास्तरांनी सांगितलं, ना आम्ही विचारलं. म्हणजे साडेनऊ तासांत मला लंडनला नेणारी डायरेक्ट सोय झाली होती. भायखळा स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चालायची सोय मात्र उभ्या जन्मात झाली नव्हती.

परत आल्यावर हा प्रश्न मी कट्ट्यावर मांडला. खोटं बोलल्यावर ते नंतर खरं करून दाखवलं, तर पाप उरतं का? मी बँकेतला माणूस. माझं म्हणणं, हा पुढच्या तारखेचा चेक. वेळेत खात्यात पैसे भरले की विषय मिटला. आमच्यात एक निवृत्त संस्कृत मास्तर आहेत. ते म्हणाले, “नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर धर्मराजाने पुढे कितीही हत्ती मारून दाखवले असते, तरी रथ जो खाली आला तो आलाच.”

“पण मी कोणाचं नुकसान केलं?”

“त्या म्हाताऱ्याचं नाही केलंत,” मास्तर म्हणाले. “त्याला कळणारच नाही. ज्याचं केलंत त्याला जाऊन भेटा.”

गेलो. बुधवार होता. बुधवारी ते बंद असतं. रखवालदार म्हणाला, “आजोबा, एवढ्या लांबून येण्याआधी चौकशी करायची.” ठाण्याहून आलेल्या माणसाला!

गुरुवारी पुन्हा गेलो. दारात पाटी: डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे नाव १९७५ पासूनचं. भाऊ म्हणजे ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. नाना शंकरशेटांबरोबर खपून त्यांनी हे उभं करायला हातभार लावला, आणि पाटीवर नाव यायला शंभरावर वर्षं गेली. आमच्या बँकेतल्या प्रमोशनबद्दल मी उगाच कुरकुरलो. आत सोनेरी नक्षीचे उंच खांब, आणि काचेच्या कपाटात जुन्या मुंबईच्या नाना जातीधंद्यांच्या माणसांच्या मातीच्या बाहुल्या, त्यांची पागोटी. एक पगडी थेट माझ्या आजोबांची. फोटोतल्या आजोबांच्या डोक्यावरची. ‘हे काय बांधलंय’ असं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, आणि ते जाऊन पन्नास वर्षं झाली. मी तिथे तीन तास होतो.

बाहेर आलो तर समोर तो हत्ती. घारापुरीचा, दगडी; ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये याला इंग्लंडला न्यायचं ठरलं होतं. उचलताना कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये तुकडे जोडून या बागेत उभा केला. टिपूचा वाघ गेला, हा राहिला. धर्मराजाचा हत्ती आठवून मी त्याच्यापुढे जरा ओशाळलोच. पण अंगावर एवढे सांधे असलेला प्राणी माणसाला फार नावं ठेवत नसावा. मी त्याला सगळं सांगितलं. मनातल्या मनात हं, आजूबाजूला शाळेची सहल होती. पोरं माकडांकडे धावत होती.

तर खातं बंद झालं असं मी धरून चाललो होतो. मग २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या त्याच म्युझियममधली वाघनखं विमानाने आपल्याकडे आली, तीन वर्षांच्या उसनवारीवर, आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती महाराजांनी वापरलेलीच का, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द म्युझियमचं म्हणणं. माणसाने ‘येस’ म्हणून टाकण्याऐवजी असं सांगावं, हे वाचून मला पुन्हा बसावंसं वाटलं. मी तिथे असताना ती कुठे होती, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून भाच्याचा फोन. “मामा, इथं बघायला झुंबड उडालीय! तुम्ही तर लंडनलाच बघितली असतील की!”

ही समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

“हॅलो,” मी म्हणालो, “हॅलो, ऐकू येत नाही रे,” आणि फोन ठेवला.

हे खोटं धरायचं का, ते मास्तरांना विचारायचं आहे. तूर्त ठाण्याहून साताऱ्याला डायरेक्ट एस.टी. किती वाजता आहे त्याची चौकशी चालली आहे. आणि संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं त्याची.